चार बोटं

काठीवरची खाच टेपच्या सत्तावन्न इंचांवर आली होती. थोरलीच्या लग्नाचं ते वर्ष. लग्नाला आठ महिने झालेले. त्याने टेप पुन्हा लावला. पाच आणि सात. पाच फूट म्हणजे साठ, सहा आणि शून्य, असं धाकटीने पन्नाशी उलटलेल्या बापाला रोज संध्याकाळी शिकवलेलं... पण आकडे आपल्याला नवे आणि काठी वडिलांची. वीजखांबाच्या खड्ड्यात काठी उभी करायची, खाच जमिनीशी आली की खोली पुरली, खांब उतरवायचा — तीस वर्षं हेच. तेव्हा चूक आकड्यांची असणार. धाकटीला न विचारताच त्याने टेप गुंडाळून ठेवला.

ट्रकमध्ये काठी गुडघ्यांत धरून बसला असताना अंगठा तिच्या खालच्या टोकावर गेला. टोक सपाट होतं. इतकं सपाट कसं? — लग्नाच्या आदल्या आठवड्यात बाकाचा एक पाय डुगडुगत होता, पाहुणे यायचे होते, दुसरा पाय कापून बाक सारखा केला, करवत हातातच होती, काठीचं खालचं टोक चिरलेलं, त्याच्या सली हाताला लागायच्या... तेही चार बोटं उडवलं. मीच उडवलं. बाक डुगडुगायचा थांबला म्हणून खूश होतो.

म्हणजे आठ महिन्यांतले सगळे खांब. शाळेमागचे, बेकरीपुढचा, दवाखान्याचे दोन. घट्ट जमिनीत चार बोटांनी काही होत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण कोपऱ्यावरचा? तिथे लाइन वळते, तारा एकाच बाजूला ओढतात. खांबाला मागून ताण दिला होता, जाड तारेचा, तो पुरेल... आणि आज तिथेच तारा खेचायच्या होत्या.

बायकोचा भाऊ पट्टा बांधून तयार होता. खांबावर नेहमी तोच चढे.

"आज मी चढतो," तो मेहुण्याला म्हणाला.

"दाजी, गुडघे नवे बसवले काय? मागच्या वेळी खुर्चीवर चढून बल्ब लावलात तर ताईने आठ दिवस शेक दिला."

तेव्हाच सांगता आलं असतं. थांब, खड्डा कमी आहे. मग मुकादम विचारणार, एकच का? मग सगळेच खांब उकरायचे, आणि काठीने मापणारा म्हातारा घरी. एवढा विचार होईपर्यंत मेहुणा अर्ध्यावर पोचला होता.

तो खाली बुंध्याशी उभा राहिला, दोन्ही तळवे खांबाला लावून. पलीकडच्यांनी तार खेचली तसा खांब किंचित झुकला — सगळेच झुकतात, की हा जास्त? तीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं, मग ठरवायचं कशावरून? माणसाच्या हातांनी खांब थांबत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"सोडा की त्याला, दाजी," वरून आवाज आला. "पळून नाही जात."

मेहुणा उतरला, पाणी प्यायला, पट्ट्याला चिकटलेली माती झटकली. दुपारी पुढच्या खड्ड्यात काठी उभी केली, खाच जमिनीशी आली.

"अजून चार बोटं खण."

"आली की खूण."

"तरी खण. माती भुसभुशीत आहे."

मेहुण्याने पहार आपटली. माती कडक होती, पहार खणकन वाजली; दोघांनीही ती ऐकली. मेहुण्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खणू लागला. आपण किती सहज खोटं बोललो, याचं त्याला नवल वाटलं.

घरी जाताना वरच्या तारा त्याला दिसेनात. नुसते खांबांचे पाय, जमिनीत शिरलेले, दिसत राहिले. रात्रीच्या जेवणाआधी त्याने काठीवर चार बोटं वर नवी खाच पाडली. जुनी तशीच ठेवली.

थोरलीच्या लग्नानंतर अकराव्या वर्षी, थंडीत, मेहुणा वारला. पहाटे, घरी, अंथरुणावर. निरोप आला तेव्हा मी आधी कोपऱ्यावरचा खांब पाहून आलो, मग त्याच्या घरी गेलो.