शेपटाची गाडी

माझ्या सासऱ्यांना, झुंबर तात्यांना, भर उन्हाळ्यात सुद्धा अंघोळीला कढत पाणी लागायचं. लग्न होऊन कोऱ्हाळ्यात आले तवा चुलीपुढं बसून मी पुटपुटायचे, हे काय बाई खूळ. माझी जीभ मुळातच तिखट. एकदा बोललेच, "तात्या, बाहेर ऊन मी म्हणतंय आन तुमाला वाफा पायजेत?" तात्या हसले. म्हणाले, "कुशा, गार पाणी मला जल्माचं पुरलंय."

मग त्यांनी सांगितलं. मोठ्या लढाईत ते मुंबईला जाऊन मालाच्या बोटीवर लागले होते, भट्टीत कोळसा टाकायला. बोटी विलायतेतनं उत्तरंच्या समुद्रानं लांबच लांब रांगेनं रशियाला निघालेल्या, पोटात धान्य, कापडं, दारूगोळा. थंडी अशी, की बोटीवर उडालेल्या पाण्याचा तितंच बर्फ व्हायचा आन तो कुऱ्हाडीनं तोडायला लागायचा. जर्मनांच्या पाणबुडीनं तात्यांची बोट फोडली. हुकूम असा, की कुणी कुणासाठी थांबायचं न्हाय. थांबला तो बी बुडणार. तात्या फळकुट धरून पाण्यात, आन शेजारनं बोटी चाललेल्या. तात्यांनी त्यांना कधी शिवी दिली न्हाय. "त्यांचं काय चुकलं?" म्हणायचे.

पण रांगेच्या शेपटाला एक बारकी बोट होती, पाण्यात पडलेल्यांना उचलायला ठेवलेली. तिच्यावरच्या एका दाढीवाल्या गोऱ्यानं तात्यांना मानगुटीला धरून वर ओढलं, अंगातलं लोकरीचं जाकीट काढून त्यांना घातलं आन गरम चहा पाजला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. ते मात्र तात्यांना मरेस्तोवर सलत राहिलं.

तवापासनं आमच्या घरची रीत पडली. गावातनं ऊस कारखान्याला निघाला की आमची गाडी सगळ्यात मागं. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर. संगं जाड दोर आन चहाची किटली. वाटंत कुणाची गाडी अडली की टोचन लावून ओढायची, चहा पाजायचा, मग पुढं जायचं. गावानं नावच पाडलं, शेपटाची गाडी. कुणी कुचेष्टेनं म्हणालं की मी त्याची बिनपाण्यानं करायचे.

यंदा मात्र माझंच मन चळलं. कारखाना त्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होता, हंगामाचा पट्टा पडणार होता. आमचा राहिलेला सगळा ऊस दोन ट्रॉल्यांत भरलेला. वेळेत पोचला तर पोचला, न्हायतर वर्षाची मेहनत जनावरांपुढं टाकायची. शेवटची खेप म्हणून नारळ घेऊन मी बी निघाले. पोराला, ऋषिराजला म्हणाले, "आज गाडी पुढं घे. एक दिस मागं न्हाय राहिलो म्हणून तात्या काय वरनं खाली यायचे न्हाईत."

पोरगं माझ्यासारखं तोंडाळ न्हाय. त्यानं किटली माझ्या हातात दिली. "चहा सांडू नको, आई," म्हणाला. गावच्या सगळ्या गाड्या निघून गेल्या, मग त्यानं आपला ट्रॅक्टर चालू केला. मी मडगार्डावर फुगून बसले.

कालव्याच्या चढावर महिपतीची गाडी बंद पडलेली. बाकीचे वळसा घालून गेले होते. ह्यो महिपती ना आमच्या भावकीतला, ना सोयरा. उलट बांधावरनं माझ्याशी भांडून गेलेला माणूस. ऋषिराज उतरला. मी म्हणाले, "उशीर होतोय रं."

"व्हय, होतोय," तो म्हणाला आन दोर सोडायला लागला.

महिपती नुसता आमच्याकडं बघत उभा. तात्यांना मी पाण्यात बघितलं न्हवतं, पण त्यांचं तोंड तवा असंच झालं असणार. माझा राग कुठं गेला कळलं न्हाय. मी चहा ओतला आन त्याच्या हातात दिला.

आमच्या ट्रॉल्या चढाखाली सोडल्या, त्याची गाडी ओढून ओढून वर काढली, तवा कुठं ती चालू झाली. मग माघारी येऊन आमच्या ट्रॉल्या जोडल्या. कारखान्याची चिमणी दिसली तवा दिवस मावळला होता. "संपलं. घाल आता गाईला," मी म्हणाले. ऋषिराजनं ट्रॅक्टर तसाच पुढं दामटला.

फाटकाशी आलो तर गावच्या सगळ्या गाड्या तशाच भरलेल्या, रांगेत उभ्या. सगळ्यात पुढं रावजी. वजनकाट्यावर ट्रॅक्टर बंद करून खाली मांडी घालून बसलेला. कारखान्याचा माणूस त्याच्यावर खेकसत होता.

"साहेब, काट्यावर गाडी हाय तोवर तुमाला कारखाना बंद करता यायचा न्हाय," रावजी त्याला सांगत होता, "आन आमचं शेपूट आल्याबिगर मी हालायचा न्हाय." आमाला बघून उठला, माती झाडली. "आलात व्हय काकी? चला, घ्या आत."

मी किटली घेऊन उतरले. एवढ्या माणसांशी एका दिवसात मी जल्मात गोड बोलले न्हवते. गाडीगाडीपाशी जाऊन उरलेला चहा घोट घोट वाटला. रावजीपुढं मात्र रडू फुटलं. "लई उपकार झालं रं बाबा," म्हणाले.

"मागं तुमी हाय म्हणून तर आमी बिनघोर पुढं जातो," रावजी म्हणाला. "उपकार म्हणायचंच तर तात्यांच्या त्या दाढीवाल्याला म्हणा."

शेवटच्या खेपंचा नारळ ट्रॉलीच्या चाकापाशी फोडताना दरसाल मी तात्यांचं नाव घेते. यंदा हात वर केला आन तसाच थांबला. त्या गोऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक न्हाय. मग म्हणाले, "बाबा, आमच्या तात्यांना वर ओढणाऱ्या, ह्यो तुला," आन नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा उत्तरंकडं तोंड करून मातीत ठेवला. दुसरा महिपतीला दिला.