ज्युरीचं बाकडं रिकामं राहिलं तेव्हा

मी ज्युरीचं बाकडं बोलतंय. हसू नका! लाकूड कुठं बोलतं का, असं ज्याला वाटतं त्यानं माझ्यावर एकदा बसून पाहावं. मी असं करकरतं की साक्षीदारही बोलता बोलता थांबतो.

जन्म माझा वाशिमचा. एका मिस्त्रीनं अस्सल सागाच्या फळीला रंधा मारला आणि पाच माणसं ऐसपैस बसतील एवढं मला लांब ठेवलं. तिथून मी थेट कोर्टात गेलं. न्यायाधीश साहेबांच्या उजव्या हाताला माझी जागा, थाट विचारू नका! मोठा खटला आला की शिरस्तेदार यादीतल्या नावांच्या चिठ्ठ्या काढायचा. निघालेले पाच पंच माझ्यावर बसायचे आणि गुन्हा झाला की नाही ते सांगायचे.

माणूस मी चेहऱ्यानं नाही, बसण्यानं ओळखतं. आणि खरं सांगू? माझ्यावर बसणारे सारे एकाच साच्यातले. कापडवाले, अडते, गावोगावचे पाटील. यादीच तशी होती. आरोपीच्या पिंजऱ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरची माणसं पुष्कळ पाहिली, पण माझ्यावर त्यातलं एकही कधी टेकलं नाही. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं. लाकूडच मी शेवटी.

त्रेपन्न साली मात्र धमाल झाली. खटला एका पोलीस जमादारावर होता. पोहरादेवीच्या जत्रेला निघालेल्या देवला नावाच्या बंजाऱ्यावर त्यानं गोळी झाडली होती. जमादार म्हणायचा, बैल चोरीचे वाटले म्हणून हटकलं, तर हा काठी घेऊन अंगावर धावून आला. देवला म्हणायचा, मी मुक्कामावर चुलीत फुंकर घालत होतो. पंचांनी जमादाराला खरं ठरवलं असतं, तर पोलिसावर हल्ला केला म्हणून उलटा देवलाच तुरुंगात जाणार होता. त्याची बायको धनीबाई रोज दाराशी येऊन बसे. कोपरापर्यंतच्या तिच्या बांगड्या किणकिणायच्या ते मला इकडं ऐकू यायचं.

चिठ्ठ्या निघाल्या. पाचवं नाव बाबूसिंग. शाळेच्या कमिटीवर आहे, नावात सिंग आहे, म्हणजे राजपूत ठाकूरच असणार, असं धरून शिरस्तेदारानं ते यादीत घातलं होतं. बाबूसिंग पांढरी टोपी घालून आले, शपथ घेतली आणि माझ्या कडेला टेकले. बसणं कसलं ते, निम्मं अंग हवेत! मग त्यांनी दाराकडे पाहून धनीबाईला बंजारा बोलीत रामराम घातला, आणि शिरस्तेदाराच्या हातातली दौत लवंडली. मी आनंदानं इतकं करकरलं की शेजारचे कापडवाले गुलाम नबी शेठ दचकले.

जमादाराचा वकील ताडकन उठला. हा तर देवलाच्या जातीचा, याला उठवा म्हणाला. साहेबांनी विचारलं, नात्यातले आहात का?

"नाई जी. जातीचा हाय, नात्याचा नाई," बाबूसिंग म्हणाले. "आन् जमादार या चौघाइच्या उठण्याबसण्यातला हाय, त्याईले कोनी पुसलं नाई."

साहेब मिशीत हसले. शपथ झालीय, बसू द्या म्हणाले.

पंचांच्या खोलीत दप्तरं कोंबलेली, म्हणून विचारविनिमयाला चपराशी मला उचलून बाहेर लिंबाखाली ठेवत. चौघे माझ्यावर बसले. बाबूसिंगांनी सरळ जमिनीवर बैठक मारली. गुलाम नबींनी वर बोलावलं, तर म्हणाले, आमच्या तांड्यात पंच खालीच बसतेत.

घोडं अडलं ते एका गोष्टीवर. डॉक्टरनं सांगितलं होतं, गोळी एकच, पण ती पोटरीतून पार होऊन मांडीत घुसली. हे कसं? रिठदचे जगदेव पाटील म्हणाले, उसळली असेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाबूसिंग पुढं सरकले. उकिडवे झाले, पोटरी मांडीला भिडली, आणि त्यांनी लिंबाची एक काडी पोटरीवर टेकवली.

"पाटील, आता सांगा. इथून निंगालेली गोळी जाईन कुठी?"

गुलाम नबी शेठ उठले. पोट सावरत, कण्हत ते खाली उकिडवे बसले आणि स्वतःची पोटरी चाचपू लागले. मग बाकीचे दोघे उतरले. शेवटी धोतर आवरत पाटीलही! चुलीपुढं बसावं तसे पाचही पंच जमिनीवर, प्रत्येकाचं बोट आपापल्या पोटरीवर, आणि मी वर रिकामं. हसून हसून माझ्या खुंट्या सैल झाल्या असतील!

"बसून राह्यला होता हो तो," पाटील हळूच म्हणाले.

पाचांचं एकमत झालं. जमादार दोषी, देवला सुटला. धनीबाई दारातच मोठ्यानं रडली, आणि मग तशीच हसली.

पुढच्या वर्षी शिरस्तेदारानं यादी 'दुरुस्त' केली. बाबूसिंगांचं नाव गेलं. मग छप्पन साली आमच्या कोर्टात पंच बसवणंच थांबलं आणि मी मोडक्या सामानात जाऊन पडलं. तिथून बाबूसिंगांनी मला मागून घेतलं आणि बैलगाडीत घालून इंझोरीकडच्या तांड्यावर, देवलाच्या अंगणात आणून ठेवलं.

आता माझ्यावर शेळ्या नाचतात, धनीबाई मिरच्या वाळवते. फार मजेत आहे मी. एवढंच मागणं, बाबांनो: कुणाचा न्याय करायला बसाल तेव्हा बाकावर साऱ्या तऱ्हेची माणसं घ्या. आणि कोडं सुटेना, तर खाली उतरून पाहा. मला राग येणार नाही.

इथं पंचायत भरली की सगळा तांडा जमिनीवर बसतो. माझ्यावर बसतो तो एकटा देवला. त्याचा पाय आता दुमडत नाही.