दोन्ही काठांचं रक्त

बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून सुषमा गोडादऱ्याच्या गल्लीत शिरली, तेव्हा मामाच्या खोलीपुढे माणसं जमली होती. सगळ्यांच्या तोंडावर रुमाल. सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटल्यापासून निम्मी गल्ली गावाकडे पळाली होती. जी उरली होती ती इथे उभी होती. उंबऱ्यात तिचा खोका उघडा पडलेला होता.



काशिनाथमामा पॉवरलूमवर कारागीर. खोलीत सहा जण, दोन पाळ्यांत. दिवसपाळीवाले उठले की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाले आडवे व्हायचे. साबण, तेल, साखर कुणा एकाची नसायची, आणि खोलीत आलेला बर्फ तर विचारायची गरजच नसे, तो थेट माठात जायचा. बडोद्याला जाताना सुषमा काल इथे उतरली, तेव्हाच खोक्याला हात लावू नका असं तिने मामाला सांगितलं होतं. खोलीतला हिलाल तेव्हा कामावर होता. सकाळी तो रात्रपाळीवरून घामाघूम होऊन आला, खाटेखालचा खोका ओढला, बर्फ फोडून माठात टाकला आणि पोटभर पाणी प्याला. खालच्या बारीक नळ्या त्याला नंतर दिसल्या.

"काय शे हे?" हिलालने खोक्याकडे बोट केलं. "रक्त शे ना?"

"हो, हिलालमामा. पण पाखरांचं."

"घ्या!" निंबा म्हणाला. तोही त्याच खोलीतला. "हिलाल्या, आता तुला पंख फुटतील. गावी जायला तिकीट नको."

कुणी हसलं नाही. शेजारच्या प्रमिलाबाई पुढे आल्या. रात्री सुषमा त्यांच्याकडेच झोपली होती. "आधी ते गटारात ओता. शहर मरायला लागलंय अन् ही पोरगी रक्त घेऊन हिंडतेय!"

"ओतू नका!" सुषमा ओरडली. एवढ्या मोठ्याने ती कधी बोलत नसे. "पाच महिने जंगलात काढलेत मी. कस्तूर नावाचा पक्षी आहे, शीळ घालतो. जाळ्यात धरायचा, पंखाखालून थेंबभर रक्त घ्यायचं आणि सोडून द्यायचा. काही तापीच्या अलीकडचे, डांगातले. काही पलीकडचे, सातपुड्यातले."

"मग?"

"हजारो वर्षांपूर्वी पाऊस आटला होता, जंगलं डोंगरांपुरती आकसली होती. मधल्या खोऱ्यात झाडी नसेल, तर दोन्हीकडचे पक्षी तुटले असतील. ते खरंच तुटले का, पाऊस परतल्यावर पुन्हा एकमेकांत मिसळले का, हे या रक्तावरून कळेल. आज बडोद्याच्या प्रयोगशाळेत पोचलं नाही तर उन्हाने नासेल सगळं."

"अन् ते कळून आमचा प्लेग जाईल?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"नाही."

मामा मध्ये पडला. "अगं, नळ्या तर बंद आहेत ना? मग पाण्यात काय उतरणार! सांग ना यांना."

सुषमा गुडघ्यांवर बसली. डांगाची ओळ ठीक होती. सातपुड्याच्या ओळीत एका नळीचं टोपण वर आलं होतं. नळी अर्धी रिकामी, भोवतीचं पाणी फिकट गुलाबी. तिच्या पाठीआड हे कुणालाच दिसत नव्हतं. अंगठ्याने टोपण दाबलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. तिचा अंगठा टोपणावर गेलासुद्धा. मागे हिलाल शर्टात हात घालून काखेत प्लेगची गाठ आलीय का ते चाचपत होता.

"एक उघडी आहे," ती म्हणाली.

एकच गलका झाला. निंबाने खोका उचलला. नळ्या खडखडल्या. सुषमा उठली ती तडक माठाशी गेली, पेला बुडवला आणि घटाघटा प्याली. पाण्याला बर्फावरच्या भुशाचा वास होता.

"पाखरांच्या रक्ताने प्लेग होत नाही, असं मी शिकलेय. माझा त्यावर भरवसा आहे."

"भरवसा!" हिलाल पायरीवर मटकन बसला. "तू प्यायलीस अन् संध्याकाळच्या गाडीने निघून जाशील. मला ताप चढला तर तुला कुठे शोधू? तू आठेच राह्य, माझ्यासमोर."

निंबा गटाराच्या कडेला खोका धरून उभा होता. सुषमाने त्याच्या हातांकडे पाहिलं. बडोद्याला प्रयोगशाळेत सरांसमोर तो खोका आपल्या हातांनी ठेवायचा, एवढं एकच तिने पाच महिने मनात धरलं होतं.

"राहते," ती म्हणाली. "तुम्ही जा म्हणाल तेव्हाच जाईन. पण खोका जाऊ द्या. मामा नेतील."

"मला त्यातलं काय कळतं, पोरी?" मामा घाबरला.

"कळायचं काही नाही. बर्फाला कुणाला हात लावू देऊ नका."

निंबाने हिलालकडे पाहिलं.  हिलाल हात हलवून म्हणाला, "दे जाऊ."

तिने उघडी नळी बाजूला काढली, नवा बर्फ फोडून भरला, खोका सुतळीने आवळून बांधला. मामा तो छातीशी धरून स्टेशनच्या रिक्षात बसला. गर्दी पांगली. प्रमिलाबाईंनी जाताना आपलं दार लावून घेतलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला.

हिलालने मान पुढे केली. "हात लाव."

तिने कपाळावर हात ठेवला. कपाळ कोमट लागलं. पण बर्फ फोडून तिचाच हात गार पडला होता. "आत्ता नाही सांगता येत," ती म्हणाली.

 त्याने विचारलं, "पलीकडचं पाखरू अलीकडच्याला वळखतं का गं?"

"माहीत नाही. खोका पोचला तर कळेल."

हिलाल सरकला आणि तिला पायरीवर जागा करून दिली.