चौदाव्या तासातली चूक

"अहो मॅडम, ती चूक नाही, ती माझी शिकवायची रीत आहे!" सर टेबलाच्या अलीकडून कळवळून सांगत होते. विभागप्रमुखबाई एके काळी त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी मान हलवली, पण नजर लॅपटॉपवरून काढली नाही.

सर एकतीस वर्षं विद्यापीठात घरांचं मूल्यांकन शिकवत आले. रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची, ही त्यांची खोड. खोलीतली वापरायची जागा काढताना माप बाहेरून घ्यायचे, बारा गुणिले दहा, एकशे वीस चौरस फूट; आणि खडू ठेवून गप्प उभे राहायचे. मागून कुणीतरी ओरडायचंच, "सर, भिंती!" मग अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या भिंती वजा होऊन आत उरायचं अकरा गुणिले नऊ, नव्व्याण्णव. स्वतः पकडलेली चूक पोरं जन्मात विसरत नाहीत, असं सरांचं म्हणणं.

गेल्या वर्षी सगळं ऑनलाइन झालं. बंद खोलीत कॅमेऱ्यापुढे सरांनी चाळीस तास रेकॉर्ड केले. चौदाव्या तासाला सवयीने चूक केली, गप्प राहिले, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "अरे, भिंती कोण वजा करणार, माझा काका?" एडिटिंग करणाऱ्या शहाण्याने ती शांतताही कापली आणि पुढचं वाक्यही. चाळीस तास हाती आल्यावर सरांचा करार कुणी वाढवला नाही. आवाज फुकट मिळतोय, तर माणूस कशाला पोसायचा? पेपर आता व्हिडिओबरहुकूम संगणक तपासतो आणि त्याच्या लेखी उत्तर एकशे वीस.

"दहा मिनिटांचं काम आहे. मी फुकट येऊन बोलतो," सर म्हणाले.

"सर, एक उत्तर बदललं तर आधीचे सगळे निकाल उघडावे लागतील. वरचे लोक मला फाडून खातील."

"तुमच्या वर्षी 'भिंती' म्हणून कोण ओरडलं होतं, आठवतं?"

"मीच," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी मीटिंग आहे म्हणून लॅपटॉप मिटला.

घरी सर जेवायला बसणार तोच फोन वाजला. एक अनोळखी मुलगी होती. "सर, मी तुम्हाला रोज व्हिडिओत बघते, तुम्ही मला ओळखणार नाही. माझं एका गुणानं दोनदा राहिलं. उद्या शेवटची संधी. पास झाले तर नोकरी टिकणार, नाहीतर घरी."

"कुठे अडतेस?"

"त्या खोलीच्या गणितात. मी दोन्ही वेळा नव्व्याण्णव लिहिलं. बाबा गवंडी आहेत माझे, भिंत किती जागा खाते ते मला कळतं हो! माझं चुकतंय का?"

वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी ओरडलं होतं. "नाही गं पोरी. तू शंभर टक्के बरोबर आहेस."

"मग उद्या काय लिहू?"

सर खुर्चीत बसले. खरं सांगावं तर पोरीची नोकरी जाते. खोटं सांगावं तर एकतीस वर्षं मातीत जातात.

"एकशे वीस लिही," ते म्हणाले.

"पण सर, तुम्ही आत्ताच..."

"व्हिडिओत सांगितलंय ना मी? तेच लिही. वाद घालू नकोस."

ती पडेल आवाजात "बरं" म्हणाली.

बायको पोळी वाढायला आली होती, तिने सगळं अर्धवट ऐकलं होतं. "विद्यार्थिनी ना?" ती खुलून म्हणाली. "बघा, अजून अडलं की तुम्हालाच विचारतात! काय शिकवलंत तिला?"

सरांनी ताट पुढे ओढलं आणि खाली मान घालून जेवू लागले.