घंटेनंतरची प्रार्थना

गुरुवारी दुपारी गावातल्या बायका घरी सापडायच्या नाहीत. सगळ्या चर्चमध्ये असतात, लाल ब्लाऊज, काळा स्कर्ट, पांढरी कॉलर आणि पांढरी टोपी घालून. आधी गाणं होतं, मग दोघीतिघी उभ्या राहून आपलं काय ते सांगतात, आणि मग पाळकीणबाई म्हणतात, "करा प्रार्थना." की चाळीस बायका एकदम मोठ्याने सुरू. कुणाचा नवरा, कुणाची सून, कुणाची रक्तातली साखर. त्या गलक्यात शेजारणीचं शेजारणीला कळत नाही, आणि म्हणूनच उशीपाशीही बोलवत नाही ते बाई तिथे ओरडून सांगते. ज्याला कळायचं त्याला कळतं. मग पाळकीणबाई घंटा वाजवतात आणि एकेक आवाज खाली बसतो.

मारादेबे अठ्ठावीस वर्षं पहिल्या बाकावर बसत आली होती. गाव तिला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारी. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. तोंडाची आणि नजरेची धीट, अशी की पाळकांचं प्रवचन लांबलं तर ही घड्याळाकडे बघत नसे, सरळ पाळकांकडे बघे.

तिची लेक लिंदेल्वा मोंती नावाच्या शहरात, इस्पितळात नर्स होती. शिवाय आपल्या चर्चची प्रचारकही. उपदेशाच्या तिमाही यादीत तिचं नाव छापून येई, आणि ती उपदेशाला उभी राहायची त्या रविवारी मारादेबे मान इतकी ताठ करून बसे की मागच्या बाईला फळ्यावरचे गाण्यांचे आकडे दिसू नयेत.

ईस्टरला लिंदेल्वा घरी आली तेव्हा भांडी घासता घासता म्हणाली, "आई, बुयिस्वा माझी नुसती मैत्रीण नाही. आम्ही नवराबायको राहतात तशा राहतो. डिसेंबरात लग्नाची नोंदणी करणार आहोत. पाळकांना मी स्वतः सांगणार आहे, माझ्या शब्दांत. तोवर कुणापाशी बोलू नकोस."

मारादेबेने घासलेलं पातेलं पुन्हा घासलं आणि "बरं" म्हणाली.

तीन आठवडे तिने ते पोटात ठेवलं. चौथ्या गुरुवारी गुडघ्यांवर बसून ती देवाला सांगायला लागली, आणि सांगता सांगता आवाज चढला. घंटा वाजली. शेजारची मांग्वेवू गप्प झाली, मागच्या ओळी गप्प झाल्या, आणि त्या शांततेत मारादेबेचा आवाज तेवढा भिंतीवर आपटला: "माझी लिंदेल्वा त्या पोरीशी लग्न करतेय, देवा, तिला टाकू नकोस!"

चाळीस टोप्या वळल्या.

शनिवारपर्यंत बकऱ्यांना सोडून सगळ्या गावाला कळलं. पुढच्या महिन्यात यादी आली, त्यात लिंदेल्वाचं नाव नव्हतं. तिचा फोन आला. रडत नव्हती; रडली असती तर बरं झालं असतं.

"आई, घंटा झाल्यावर बोललीस म्हणे?"

"मला ऐकूच आली नाही गं. कान गेलेत माझे."

तोंडातून निघून गेलं, आणि मग ते निभवावं लागलं. मांग्वेवू आली की मारादेबे हात कानामागे धरून "हं? काय म्हणालीस?" करी. बायका तिच्या कानात ओरडत. "बिचारी," असं तिच्यासमोरच म्हणत, ऐकू येत नाही म्हणून, आणि लिंदेल्वाबद्दल जे म्हणत तेही तिच्यासमोरच म्हणत. ती मक्याचे दाणे निवडत बसे, तोंडावर बहिऱ्या बाईचं हसू ठेवून. अठ्ठावीस वर्षांत तिला कुणी असं गप्प बसवलं नव्हतं.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. घंटा तिने ऐकली होती, स्पष्ट, स्वतःच्या दारावरच्या टकटकीसारखी. तोंड मिटायला वेळही होता. ती थांबली नव्हती.

दोन महिन्यांनी लिंदेल्वाचा निरोप आला: "बुधवारी ये. कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. मी सुटी घेतली आहे."

मारादेबेने तो निरोप दोनदा वाचला. शिव्या दिल्या असत्या तर तिला परतफेड जमली असती. जिचं नाव आपण पुसलं, ती आपल्या कानांसाठी पहाटे उठून रांगेत उभी राहिली, याला काय उत्तर द्यायचं?

इस्पितळात लिंदेल्वा भेटली. वाळली होती. "चष्मा आणलास ना?" एवढंच म्हणाली आणि मोठ्याने म्हणाली, आईला ऐकू जावं म्हणून. मारादेबे शरमेने जमिनीकडे बघत चालली.

कान तपासणारी बाई जाडजूड, हसरी. तिने मारादेबेला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. "मावशी, बारीकसा आवाज येईल. आला की दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. कळलं?" हेही ओरडूनच.

काचेपलीकडे लिंदेल्वा बाकावर बसली होती, पर्स मांडीवर धरून, एखाद्या आजाऱ्याच्या नातेवाइकासारखी.

आवाज आला. मारादेबेचा अंगठा हलला नाही. दुसरा आला, आधीपेक्षा बारीक. न दाबणं सोपं होतं. एक यंत्र मिळेल कानाला, सरकारी, फुकट. मग कुणी कधी काही विचारणार नाही. पोरगी दर सहा महिन्यांनी ते यंत्र तपासायला घेऊन येईल. स्वतःच्या हाताने कानात बसवून देईल. दर वेळी विचारेल, "नीट बसलं ना, आई?"

तिसरा आवाज आला. तिने बटण दाबलं. मग चौथ्याला दाबलं, पाचव्याला, आणि जो असून नसल्यासारखा होता त्यालाही.

बाई बाहेर येऊन कागद नाचवत म्हणाली, "सिस्टर, तुमच्या आईला काय झालंय? कोंबडी अंडं घालायचा विचार करत असेल तरी हिला ऐकू येईल!" आणि आपल्याच विनोदावर हसत पुढच्या पेशंटला बोलवायला गेली.

लिंदेल्वा कागद बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ऐकली होतीस."

"ऐकली होती."

"मग का?"

मारादेबेला एरवी शब्द शोधावे लागत नसत. "एकटीने उचलवेना गं. वाटलं, कुणीतरी म्हणेल, असू दे मारादेबे, पोरगी तुझीच आहे. चाळीसजणींत एक तरी म्हणेल. मला स्वतःला म्हणता येत नव्हतं, म्हणून दुसरीच्या तोंडून हवं होतं."

"म्हणाली कुणी?"

"नाही."

"मला विचारलं असतंस तर मी म्हणाले असते." लिंदेल्वाने कागदाची घडी केली. "त्या शब्दांवर मी वर्षभर विचार केला होता, आई. कुठून सुरुवात करायची, कुठलं वचन वाचायचं. पाळक ऐकतील असं नव्हतं. पण माझं तोंड माझं राहिलं असतं."

तिने घडी पर्समध्ये ठेवली. मग मारादेबेने विचारलं, "अजून गुडघे टेकतेस?"

"रोज. बुयिस्वा आळशी, अंथरुणातच पडून 'आमेन' म्हणते. मी टेकते."

"मला भीती होती, देवाला तुझं कळलं तर तो सोडून देईल तुला. म्हणून आधीच रडत होते त्याच्यापाशी."

"त्याला माझ्याआधी माहीत होतं," लिंदेल्वा म्हणाली. "सोडलं ते तुम्ही."

'तुम्ही.' मारादेबेला तो शब्द लागला, आणि त्यात आपली जागा कुठली तेही समजलं. पहिल्या बाकावरची.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गाणं संपल्यावर, सगळ्यांचा गलका सुरू व्हायच्या आत, मारादेबे उभी राहिली. "त्या दिवशीची घंटा मी ऐकली होती," ती म्हणाली. "कान माझे शाबूत आहेत. पोरीने विश्वासाने सांगितलेलं मी जाणूनबुजून तुमच्यासमोर टाकलं. हे माझं पाप. ते माझ्या नावावर असू द्या."

कुणी आमेन म्हटलं नाही. मांग्वेवू तेवढी उसळली, "अगं बये, म्हणजे दोन महिने मी घसा फोडत होते तो कशाला? माझी तर गाण्याची वरची पट्टी गेली!"

पाळकीणबाई घसा साफ करून म्हणाल्या, "तुमचं ठीक आहे, मारादेबे. पण लिंदेल्वाच्या पापाचं काय?"

"ते मला ठाऊक नाही. माझं तेवढं ठाऊक आहे," मारादेबे म्हणाली आणि बसली. कॉलर काढून ठेवायला, म्हणजे मंडळातून जायला, सांगतील म्हणून ती तयार होती. कुणी सांगितलं नाही. प्रार्थना सुरू झाली, आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा हळूहळू रिकामी झाली.

घरी येऊन तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं, मांग्वेवूच्या घशासकट. पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. ती बुयिस्वा होती. लिंदेल्वा हसली नाही.

"माझं नाव परत घालणार नाहीत ते," ती म्हणाली.

"नाही घालणार."

"हं."

"रविवारी येऊ का तुमच्याकडे?" 'तुमच्याकडे' म्हणताना मारादेबेची जीभ अडखळली, पण शब्द पुरा झाला.

"रविवारी ड्यूटी आहे मला."

"मग पुढच्या?"

लिंदेल्वाने पलीकडे हळूच काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मारादेबेला चांगलं ऐकू आलं, आणि बुयिस्वाने काय उत्तर दिलं तेही. तरी लेक स्वतः सांगेपर्यंत ती थांबून राहिली.

"बघू," लिंदेल्वा म्हणाली.