रविवारी ये हं

गोड बोलण्यात शैलजाकाकूंचा हात धरणारं बुलडाण्यात कोणी नव्हतं. दारातून निघालेल्या माणसाला नुसतं 'बरंय' म्हणून त्यांनी कधी सोडलं नाही. भाजीवाली असो की गॅसचा सिलिंडर आणणारा असो, 'एकदा निवांत या हो, जेवायलाच या,' असं म्हटल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही. आजवर आलं मात्र कोणी नव्हतं. असलं आमंत्रण खरं धरायचं नसतं हे सगळ्यांनाच ठाऊक. ऐकणारा 'येऊ ना' म्हणतो, बोलणारा हसतो आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात. यात कोणाचं काही जात नाही, असं काकूंचं मत होतं.

गावाबाहेर बौद्धिक दिव्यांग मुलींची एक निवासी संस्था होती. लोक तिला अजून मतिमंदांची शाळाच म्हणत, आणि आतल्या बायका चांगल्या पंचविशी-तिशीच्या झाल्या तरी त्यांना 'ती मुलं' म्हणत. काकूंचा मुलगा शंतनु पुण्याला नोकरीला होता. त्याचा वाढदिवस त्या दरवर्षी या संस्थेत करायच्या. शंतनु तिकडे ऑफिसात आणि केक इकडे! मुली ओळीत उभ्या राहून टाळ्या वाजवत स्वागताचं गाणं म्हणत, काकू पुरीभाजी आणि जिलेबी वाढत, फोटो निघत. संध्याकाळी ते फोटो महिला मंडळाच्या ग्रुपवर गेले की हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडे.

यंदा चैत्रातही तसंच झालं. निघताना जानेफळची काजल फाटकापर्यंत पोचवायला आली. गोल चेहऱ्याची, ठेंगणी, जरा जड जिभेनं बोलणारी. तिनं काकूंचा पदर धरला आणि विचारलं, "काकू, तुमचं घर कसं हाये?"

"अगं, ये ना बघायला!" काकू म्हणाल्या. सवयीनं जीभ पुढे धावली. "रविवारी ये हं. पुरणपोळी करते तुझ्यासाठी."

गाडीत बसेपर्यंत त्या हे विसरूनही गेल्या.

रविवारी काकूंकडे चैत्रागौरीचं हळदीकुंकू होतं. गौर झोपाळ्यात बसली होती, पन्हं फ्रीजमध्ये गार होत होतं, आंब्याची डाळ वाटून झाली होती. ओटीसाठी भिजवलेले हरभरे परातीत निथळत होते. मंडळाच्या बायका यायची वेळ झाली तशी बेल वाजली. काकू जरीचा पदर सावरत हसतमुखानं दार उघडायला गेल्या.

दारात काजल उभी होती. डोक्याला तेल चोपडलेलं, दोन वेण्या, पिवळा पंजाबी ड्रेस, त्याची घडी अजून मोडलेली नाही. मागे संस्थेतल्या अंबूबाई, मुलींचं सगळं बघणाऱ्या.

"आली मी," काजल म्हणाली.

काकूंचं हसू मावळलं. अंबूबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या ओशाळल्या.

"मॅडम, म्या लय समजावलं हो हिले. म्हटलं, मानसं तसं म्हनतातच बाई. आइकतच नाही. चार दिसापासून ड्रेस काढून बसली. म्हने, त्यायनं बोलावलं ना मले, मंग काऊन नाही जायचं?"

"नाही नाही, बरं केलंत," काकू म्हणाल्या. पण डोळे फाटकाकडे लागले होते. कोणत्याही क्षणी बायका येणार. त्यांच्यात हिला बसवायचं म्हणजे पंचाईतच. काही बोलली, काही सांडलं, कोणाच्या अंगचटीला गेली तर? "तुम्ही असं करा, आतल्या खोलीत बसा. पंखा आहे तिथे. मी डाळ आणून देते."

काजलनं हातातली पुडी पुढे केली. "रिकाम्या हातानं नाही यायचं," ती म्हणाली. पुडीत फुलवाती होत्या, तिनं स्वतः वळलेल्या. काही लठ्ठ, काही बारीक. काकूंनी पुडी घेतली, टेबलावर ठेवली आणि दोघींना आत नेलं. दोन बशा दिल्या. बाहेर येताना दार त्यांनी ओढून घेतलं. पूर्ण नाही लावलं. तेवढी लाज होती.

बायका आल्या. अत्तर लागलं, गुलाबपाणी शिंपडून झालं, गौरीच्या आराशीचं कौतुक झालं. मंडळातल्या नीरजाताईंची नजर मात्र चपलांच्या ढिगातल्या दोन झिजलेल्या जोडांकडे गेली होती. "आत कोण आहे गं?"

काकूंनी सांगितलं. नीरजाताईंनी गालावर हात ठेवला. "अगंबाई, घरी बोलावलंस? किती मोठं मन गं तुझं!"

आणि काकू काय म्हणाल्या? "म्हटलं, त्या पोरींना तरी कोण आहे?" असं म्हणाल्या आणि वर हसल्या. खोटं किती सहज जमतं माणसाला!

तेवढ्यात आतलं दार उघडलं. इतक्या बायकांचे आवाज ऐकून काजल बाहेर आली होती. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. रेशमी साड्या, गजरे, हातात मोबाईल. मग ती सरळ चालत गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पाय जुळवले, हात जोडले, मान ताठ केली आणि टाळ्या वाजवत स्वागताचं गाणं सुरू केलं.

दर वर्षी चार-पाच जणींच्या आवाजात बुडून जाणारा तिचा आवाज आज एकटाच होता. सूर कुठल्या कुठे, पण शब्द एकही चुकत नव्हता. बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. दोघींनी फोन वर धरले. नीरजाताई टाळ्यांचा ठेका धरून म्हणाल्या, "किती गोड!"

काकूंना मात्र ते गोड वाटेना. ही आपल्याकडे पाहुणी म्हणून आली. नवा ड्रेस घालून, हातात पुडी घेऊन, पाहुण्यासारखी. आणि चांगल्या साड्यांतल्या बायका दिसताच भिंतीला लागून उभी राहिली. कारण अशा बायका समोर आल्या की आपण ओळीत उभं राहायचं आणि गायचं, एवढंच तिला आजवर शिकवलं होतं. कोणी शिकवलं? वर्षानुवर्षं जिलेबीचे डबे घेऊन जाऊन आपणच तर शिकवलं. काकूंना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"काजल, थांब बाळा," त्या म्हणाल्या.

काजल दचकली. "चुकलं?"

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही. पाहुण्यांनी गायचं नसतं. पाहुण्यांनी बसायचं असतं." मग फोन धरलेल्या बायकांकडे वळून त्या जरा कडकच बोलल्या, "ते ठेवा आता खाली. आणि नीरजा, मी हिला मनापासून बोलावलं नव्हतं. तोंडदेखलं म्हटलं होतं. ती खरंच आली, एवढंच."

काकूंनी काजलला सोफ्यावर मधोमध बसवलं. अंबूबाई दारातच अंग चोरून उभ्या होत्या, त्यांनाही हाताला धरून बसवलं. पहिलं हळदीकुंकू काजलला लावलं, तिच्या ओढणीत हरभऱ्यांची ओटी घातली. मग टेबलावरची पुडी उघडली आणि तिच्यातली एक लठ्ठ वात गौरीपुढच्या निरांजनात लावली. हे चालू असताना दोघी-तिघी घड्याळाकडे बघत होत्या. नीरजाताई लवकरच उठल्या. जाताना नेहमीचं 'ये गं आमच्याकडे' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, काजलकडे पाहिलं आणि नुसतंच 'येते' म्हणाल्या.

"पुरनपोळी?" काजलनं विचारलं.

"आज नाही केली. मी विसरले."

"हाव," काजल म्हणाली. तिनं माफ केलं की नुसतं ऐकून घेतलं, काकूंना कळलं नाही. तिनं पन्हं मागून घेतलं, सगळं घर हिंडून पाहिलं, शंतनुच्या खोलीतल्या पलंगावर बसून पाहिलं.

निघताना फाटकाशी ती थांबली. "काकू, आता तुमी या. येत्या रविवारी."

येत्या रविवारी काकूंच्या धाकट्या जावेच्या नव्या घराची वास्तुशांत होती, शेगावला. 'बघते हं' हे शब्द ओठांवर आले. उभ्या जन्मात किती जणांना त्यांनी ते ऐकवले असतील! समोर पिवळा ड्रेस, ओटीनं ओली झालेली ओढणी. अंबूबाई खाली बघत होत्या; उत्तर त्यांना माहीत होतं.

"येते," काकू म्हणाल्या. "चार वाजता येते."

काजल विचारात पडली. "कोनाचा वाढदिवस हाये?"

"कोणाचाच नाही. तुझ्याकडे येते."

हे तिला नवीन होतं. मग तिचा चेहरा उजळला.

"मंग गानं नाही म्हननार मी," ती म्हणाली. "चहा करीन. अंबूबाई गॅस पेटवन, साखर मी टाकीन. तुमी बसजा."