माल्सूनचा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे, पोहण्याचा. दूर पूर्वेच्या समुद्रातल्या जेजू बेटावर, माल्सून नावाच्या बाईच्या छपरावर मी वाढलो. तिने मला वाळवलं, बिया काढून भोक बुजवलं आणि भोवती दोरीचं जाळं विणून समुद्रात नेलं. ती खोल बुडी मारून शंखशिंपले काढायची. वर आली की माझ्यावर छाती टेकायची आणि ओठांतून लांब शीळ घालत श्वास सोडायची. भर समुद्रात मीच तिचा काठ होतो.

माल्सून गावातल्या पाणबुड्या बायकांची म्होरकी. केव्हा उतरायचं, केव्हा परतायचं, ते तीच ठरवी. किनाऱ्यावरच्या शेकोटीपाशी जिथे धूर येत नाही, ती जागा तिची.

तिचा शेवटचा दिवस अगदी नेहमीसारखा होता. दुपारी धुकं उतरलं आणि किनारा दिसेनासा झाला.

"मेले गं बाई!" चुन्ह्वा ओरडली. खेकडा चावला तरी ती हेच म्हणे. पण त्या दिवशी बाकीच्याही घाबरल्या आणि वाट फुटेल तिकडे हातपाय मारू लागल्या.

माल्सूनने आधी माझ्यावर छाती टेकली. शीळ संपेपर्यंत ती कोणाशी बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "चुन्ह्वा, मरायचं ते जेवून मर. आधी तुझी दोरी माझ्या भोपळ्याला बांध. दोक्सिल, तू तिच्याला बांध. ग्योंगजा, लाटा कुठे फुटतायत ते ऐक."

प्रत्येकीच्या हाताला एक छोटं काम मिळालं आणि आरडाओरडा थांबला. लाटांच्या आवाजाच्या मागोमाग सगळ्या किनाऱ्याला लागल्या.

शेकोटीत रताळी भाजत होती. ग्योंगजा माल्सूनची लेक. ती म्हणाली, "आई, तुझं काळीज दगडाचं आहे का गं? बाबांची होडी परत आली नाही, तेव्हाही तू अशीच."

माल्सून म्हणाली, "रताळं करपतंय. उलट ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठली नाही.

मला भिंतीवर टांगलं गेलं. बायकांकडे आता थर्मोकोलचे पांढरेशुभ्र तरंगे आले होते, ग्योंगजाकडेही. माझ्या दोऱ्या सुकल्या, कोळ्याने जाळं धरलं. मी मात्र एकाच गोष्टीचा विचार करत राहायचो. माल्सूनचा आवाज आणि तिचे हात, दोन्ही एकाच बाईचे कसे? माझं म्हणणं पुढे कळेलच तुम्हांला.

वसंतात चुन्ह्वा ग्योंगजाला म्हणाली, "गावात तुझ्याएवढा दम कोणाचा नाही गं. बस आता आईच्या जागेवर."

"मला नाही जमायचं, काकी. आईसारखी मी नाही. माझे तर हातपाय लटपटतात."

तरी दुसऱ्या दिवशी तिने मला खाली उतरवलं आणि सोबत नेलं.

त्याच दिवशी प्रवाह फिरला. दोक्सिल तरंग्याला धरून खोल समुद्राकडे ओढली जाऊ लागली. "ताई! ताई!" ती हाका मारत होती. सगळ्या ग्योंगजाकडे बघत होत्या. तिने माझ्यावर छाती टेकली, दोन्ही हातांनी मला खालून घट्ट धरलं आणि तिची बोटं थबकली.

माझ्या पोटाखाली, पाण्यात बुडलेल्या बाजूला, खोल खाचा आहेत. नखांच्या. वर माल्सूनचा आवाज शांत असायचा, तेव्हा खाली तिचे हात थरथरत मला ओरबाडत असायचे. हे फक्त मला ठाऊक होतं.

ग्योंगजाची बोटं त्या खाचांत नेमकी बसली. तिने लांब शीळ घातली, पुरती संपू दिली.

"दोक्सिल, पोहू नकोस. तरंग्यावर पालथी पड," ती हळू, स्वच्छ आवाजात म्हणाली. "काकी, सगळ्यांच्या दोऱ्या जोडा. एक टोक मला द्या."

दोरीच्या टोकाला ग्योंगजा गेली आणि दोक्सिलला घेऊन आली.

किनाऱ्यावर चुन्ह्वा डोळे पुसत म्हणाली, "अगदी आईवर गेलीस हो! दगड मेली!"

बायका घरी गेल्यावर ग्योंगजाने मला गोड्या पाण्याने धुतलं, दोऱ्यांना तेल लावलं. मित्रांनो, जुन्या वस्तूंना एवढंच पुरतं. आणि तुमच्या घरातलं जे माणूस कधीच घाबरत नाही, त्याचा हात अधूनमधून हातात घेऊन बघत जा.

मग तिने मला उलटं मांडीवर ठेवलं, त्या खाचांवरून बोट फिरवलं आणि मोठ्याने विचारलं,

"आई, तुला फार भीती वाटायची का गं?"